किरायाची खोली, मालकीचा कागद

जालन्यात खोली बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा किराया विचारत नाही. पाणी किती दिवसांनी येतं, बोअर आहे का, हौद केवढा आहे, हे आधी विचारतो. बाहेरगावाहून बदलीवर आलेले लोक स्वयंपाकघराचा ओटा बघतात, फरशी बघतात. इथला माणूस थेट मागच्या बाजूला जातो आणि हौदाचं झाकण उचलून आत डोकावतो. २०१२-१३ च्या दुष्काळात राज्यातल्या सगळ्यात होरपळलेल्या जिल्ह्यांमध्ये जालना होता. त्या उन्हाळ्यात ज्यांनी टँकरच्या मागे घागरी घेऊन रांगा लावल्या, ते हौद बघितल्याशिवाय बयाणा देणार नाहीत. निजामकाळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव हा या शहराचा जुना आधार. गाळानं भरत आलेला तो तलाव लोकांनी पदरचे पैसे घालून उपसला. पुढे जायकवाडीची पाइपलाइनही आली. पण नळ अजून रोज येत नाही.

त्यामुळे एकाच गल्लीत, एकाच मापाच्या दोन खोल्यांचा किराया वेगळा असतो, आणि तो फरक हौदाचा असतो. त्यातही मोटारीचं बटण कोणाच्या घरात आहे, हे बघून ठेवावं. बटण मालकाच्या घरात असेल तर वरच्या मजल्यावरच्या बाईचा सगळा दिवस मालकाच्या सवडीवर चालतो. मालकाला भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडता येत नाही, हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. हे कलम माहीत असलेला किरायदार मला अजून भेटायचा आहे.

*

अकरा महिन्यांचा करार. पुण्यात नोकरी लागलेला आपल्याकडचा मुलगा पहिली सही बहुधा यावरच करतो. अकराच महिने का, असं विचारलं तर एजंट सांगतो, "वर्षाच्या आत असला की नोंदणी लागत नाही." हे महाराष्ट्रात खरं नाही. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, हा जुन्या नोंदणी कायद्याचा नियम. त्यातून पळवाट म्हणून अकरा महिने रूढ झाले. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ५५ नं ती पळवाट बंद केली. भाडेपट्टा असो की लिव्ह अँड लायसन्स, मुदत पाच महिन्यांची असो की पाच वर्षांची, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. त्यानं ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती किरायदारानं पाठ करून ठेवावी. नोंदवलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल किरायदार म्हणेल तेच खरं धरलं जातं. उलटं असेल तर ते मालकानं सिद्ध करायचं. म्हणजे कागद न करण्यात मालकाचा फायदा आहे, ही समजूतच चुकीची आहे. नोंदवलेला करार मालकालाही सांभाळतो, कारण मुदत संपूनही खोली सोडली नाही तर त्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडे सरळ जाता येतं आणि त्या काळाचं दुप्पट भाडं मागता येतं.

खर्च किती? पंधरा हजार किराया, पन्नास हजार अनामत, अकरा महिने असं धरू. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात अनामतीवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून ती रक्कम मिळवायची. म्हणजे चार-पाचशे रुपये. नोंदणी फी शहरी भागात हजार, ग्रामीण भागात पाचशे. वर किरकोळ हाताळणी शुल्क. सगळं मिळून दोन हजारांच्या आत. आधार आणि बोटाचा ठसा असला की घरी बसून होतं. तरी नोटरीचा शिक्का मारलेला कागद हातात देऊन "हाच करार" असं सांगणारे हजारो आहेत, आणि तो घेऊन निघून येणारी मुलं आपलीच आहेत.

*

मराठवाड्याला भाड्याचा कायदा मुंबईच्या वाटेनं आला नाही. मुंबईत १९४७ चा कायदा होता, भाडी १९४० च्या पातळीवर गोठलेली होती, आणि त्यातून पागडी वाढली. विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत-वऱ्हाडचा आदेश होता. आपल्याकडे मात्र हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे कायदा चालू राहिला. हैदराबाद राज्य १९५६ ला संपलं, मराठवाडा आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला, १९८१ च्या १ मे रोजी जालना जिल्हा झाला, तरी किरायदाराचा खटला त्या जुन्या हैदराबादी कायद्याखालीच चालायचा. २००० मध्ये सगळ्या राज्याला एकच कायदा झाला.

कादराबादकडच्या जुन्या वाड्यांत अजून त्या काळचे किरायदार आढळतात. माळवदाची घरं, दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्याआधी माळवदावर माती टाकावी लागते, आणि ती कोणी टाकायची यावरून दोन पिढ्या भांडतात. मालक म्हणतो एवढ्या किरायात माझी माती निघत नाही. किरायदार म्हणतो मालक तुम्ही. दोघंही आपल्या जागी बरोबर आहेत आणि मधल्या मधे माळवद गळत राहतं. नवा कायदा वर्षाला चार टक्के भाडेवाढ देतो. पन्नास रुपये किराया असलेल्या खोलीला ती दोन रुपये होते.

*

कॉट बेसिस. पुण्याच्या सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना खोली मिळत नाही, कॉट मिळते. एका खोलीत चार-पाच लोखंडी कॉटा, प्रत्येकीखाली एक पत्र्याची पेटी, भिंतीवर नकाशे, आणि डोक्याशी मोबाइलच्या चार्जरसाठी ओढलेली वायर. भोकरदन, जाफराबाद, मंठा, परतूर, जिथून म्हणाल तिथून मुलं आलेली असतात. दिवसभर अभ्यासिका, दोन वेळ मेस. कॉटीला लेखी करार नसतो, पावती नसते, अनामत मात्र असते. सोडताना तीतून रंगाचे पैसे कापतात. चार मुलांकडून चार वेळा एकाच भिंतीच्या रंगाचे पैसे कापले जातात आणि भिंत तशीच राहते. हे मी बघितलेलं आहे.

सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला साठ हजार रुपये. आखणी अशी केली होती: बत्तीस हजार जेवणाला, वीस हजार राहण्याला, आठ हजार निर्वाहाला. वीस हजार म्हणजे दहा महिने धरले तरी महिन्याला दोन हजार. पुण्याच्या पेठेत दोन हजारात कॉट शोधून दाखवावी. शिवाय पैसे उशिरा येतात आणि मालक दर महिन्याच्या पाच तारखेला दारात उभा असतो. योजना चांगलीच आहे, ती नसती तर कितीतरी मुलं बारावीनंतर घरीच बसली असती. म्हणूनच तिचा आकडा बाजाराशी जुळता ठेवायला हवा, आणि राहण्याचे पैसे निदान सत्राच्या सुरुवातीला मिळायला हवेत.

*

"गाव कोणतं?"
"जालना."
"जालना म्हणजे शहरातच?"
"नाही, घनसावंगीकडचा."
"आडनाव काय म्हणालात?"
"अजून सांगितलं नाही, काकू."

आडनाव सांगितल्यावर खोली रिकामी असते किंवा नसते. घरमालकीण वाईट असते असं नाही. ती चहा देते, भाऊ म्हणते, आणि तरीही नाही म्हणते. कधी कारण मटणाचं असतं, कधी "आमच्या ह्यांना विचारते" असं असतं. मुसलमान मुलाच्या बाबतीत तर बहुतेक वेळा कारण द्यायचीही गरज कोणाला वाटत नाही. एजंट फोनवरच सांगून टाकतो, "त्या सोसायटीत नाही जमायचं."

१९१७ मध्ये अमेरिका आणि लंडनहून शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर संस्थानाच्या नोकरीसाठी बडोद्याला गेले. शहरात त्यांना कोणी जागा देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नावानं राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाला. ओळखीच्या घरांतूनही जागा मिळाली नाही. कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. हे सगळं त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलेलं आहे. पुढे याच माणसानं दादरला हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं, आणि ते बांधताना आधी विचार केला तो पुस्तकांच्या जागेचा.

२०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना मराठी म्हणून कार्यालयासाठी जागा नाकारली, तेव्हा राज्यभर संताप झाला. व्हायलाच हवा होता. तोच संताप आपल्या गल्लीतल्या 'फक्त अमुक समाजासाठी' या पाटीवरही झाला असता तर मला जास्त बरं वाटलं असतं. घर ही खाजगी मालमत्ता आहे, कोणाला द्यायचं ते मालकानं ठरवावं, असा युक्तिवाद मी खूप ऐकला आहे आणि मला तो पटत नाही. खानावळवाला असं म्हणू शकत नाही. राज्यघटनेच्या कलम १५ नं दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव सगळ्यांना खुले केले. भाड्याची खोली त्यात लिहिलेली नाही, आणि ती त्रुटी रोज कुणाला तरी संध्याकाळी बॅग घेऊन रस्त्यावर उभी करते.

*

हप्त्याचा हिशोब. गणित साधं आहे, पण घरी बसून कोणी करत नाही म्हणून इथं मांडतो.

वाघोलीत पन्नास लाखांचा वन बीएचके धरू. बँक ऐंशी टक्के देईल, म्हणजे चाळीस लाख. दहा लाख आपले. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे साडेतीन लाख. नोंदणी तीस हजार. आधी हातात जवळपास चौदा लाख रोख हवेत. पगारातून एवढे साठत नाहीत, म्हणून गावाकडे फोन जातो, आणि वडील जिरायत रान विकायला काढतात.

पुढे चाळीस लाखांवर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं. हप्ता ३४,७०० च्या आसपास. वीस वर्षांत बँकेला ८३ लाखांहून जास्त जातात. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात २८,३३३ रुपये व्याज असतं, मुद्दल साडेसहा हजारसुद्धा फिटत नाही. असाच फ्लॅट त्याच इमारतीत साधारण निम्म्या पैशात किरायानं मिळतो.

घर घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. ज्याची नोकरी स्थिर आहे, मुलांच्या शाळा ठरल्या आहेत, त्यानं जरूर घ्यावं. पण नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, लग्न जमायला हवं म्हणून, मुलीकडचे "पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे का" असं विचारतात म्हणून, बापाचं रान विकून घेतलेला फ्लॅट हे मला फार मोठं नुकसान वाटतं. फ्लॅट पुढे दहा वर्षांनीही मिळेल. रान परत मिळत नाही. किरायानं राहणारा जावई कमी प्रतीचा, हे आपल्या समाजानं ठरवून टाकलं आहे, आणि त्या एका समजुतीची किंमत गावोगावच्या सातबाऱ्यांवरून कमी झालेल्या एकरांत मोजता येईल.

आणि वाघोली म्हणजे काय? २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेलं गाव. तिथल्या कितीतरी सोसायट्या टँकरवर चालतात. जालन्याच्या टँकरला कंटाळून गेलेला माणूस हप्ता भरून परत टँकरचीच वाट बघतो, वर देखभाल खर्चातून त्या टँकरचे पैसेही देतो. घर घ्यायला जाताना भोगवटा प्रमाणपत्र आहे का आणि पाण्याची जोडणी कोणाची आहे, हे दोन प्रश्न नमुना फ्लॅटमधला सोफा बघण्याआधी विचारावेत.

*

बिल्डरांवर नजर ठेवणारं महारेरा हे प्राधिकरण रेरा कायद्याखाली १ मे २०१७ ला सुरू झालं. त्याच्या आधी आणि नंतर घर घेणाऱ्यांचं बोलणं ऐकलं की फरक कळतो. पूर्वी 'सेलेबल' म्हणून जिन्याचा, लिफ्टचा, गच्चीचा वाटा धरून चौरस फूट फुगवायचे. आता भाव चटईक्षेत्रावर सांगावा लागतो, आणि चटईक्षेत्रात काय धरायचं तेही कायद्यात आहे: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. ग्राहकांच्या पैशातले सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती बिल्डरनं फुकट करायची.

आपल्या भागासाठी महत्त्वाचं असं की हा कायदा प्लॉटलाही आहे. जागा पाचशे चौरस मीटरहून मोठी किंवा प्लॉट आठाहून जास्त असले तर नोंदणी लागते. जालन्याच्या मंठा चौफुलीवर, भोकरदन नाक्यावर, अंबड रोडवर लागलेल्या प्लॉटिंगच्या फलकांवर महारेरा क्रमांक शोधावा. तो नसेल तर का नाही, ते आधी विचारावं आणि गाडी नंतर पार्क करावी.

*

जालन्यात हाती पैसा आला की तो प्लॉटमध्ये जातो. मोसंबीला भाव मिळाला, प्लॉट. निवृत्तीची रक्कम आली, प्लॉट. समृद्धी महामार्गात बदनापूर आणि जालना तालुक्यांतल्या जमिनी गेल्या, मोबदला आला, पुन्हा प्लॉट. चहाच्या टपरीवर संध्याकाळी जी चर्चा चालते ती फूट, फ्रंट आणि कोपऱ्याची.

यात धोका आहे तो बाँडवर होणाऱ्या व्यवहाराचा. शेतात चुन्याच्या रेघा मारून दीड-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडतात. अकृषक परवानगी नाही, मंजूर रेखांकन नाही. तुकडेबंदी कायद्यानं ग्रामीण भागात बागायत दहा गुंठे आणि जिरायत वीस गुंठे यांहून लहान तुकड्याची खरेदी होत नाही, म्हणून रजिस्ट्री होत नाही. मग स्टॅम्प पेपरवर 'साठेखत', नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार, आणि "आपल्याच माणसाचं काम आहे, काळजी करू नका." सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगितलं की मुखत्यारपत्रावर किंवा नुसत्या कराराच्या कागदावर मालकी जात नाही, नोंदवलेलं खरेदीखतच लागतं. निकालाला इतकी वर्षं झाली. टपरीवर तो अजून पोचलेला नाही.

मराठवाड्यात आणखी एक पदर आहे तो इनामांचा. निजामाच्या काळी मदतमाश म्हणून दिलेल्या जमिनी इनाम रद्द झाल्यावर भोगवटादार वर्ग दोनमध्ये गेल्या. सातबाऱ्यावर 'वर्ग २' असेल तर परवानगी आणि नजराण्याशिवाय विक्री होत नाही. अशा जमिनीवर उभ्या राहिलेल्या वस्त्यांमध्ये पक्की घरं आहेत, नळ आहेत, वीज आहे, नगरपालिकेची घरपट्टी भरलेली आहे. मालकी मात्र नाही. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे, हे सांगताना मला दरवेळी जड जातं, कारण समोरच्या माणसानं त्या पावत्या वर्षानुवर्षं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या असतात.

२००१ चा गुंठेवारी कायदा अशा वस्त्या नियमित करण्यासाठी आला. २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली. गरिबाचं घर वाचतं, म्हणून मी या कायद्याच्या बाजूचा आहे. पण नियमित करण्याची फी, विकास शुल्क, दंड हे सगळं प्लॉट घेणाऱ्याच्या माथी बसतं. चुना मारून विकणारा कधीच पैसे घेऊन पुढच्या गटात गेलेला असतो. एकदा तरी ही वसुली विकणाऱ्याकडून व्हायला हवी.

*

अप-डाउन. जालना ते छत्रपती संभाजीनगर साठ किलोमीटर. सकाळच्या गाडीला दोन्ही दिशांनी सारखीच गर्दी. शेंद्र्याच्या कंपन्यांत जाणारे इकडून तिकडे, जालन्याच्या कार्यालयांत आणि शाळांत येणारे तिकडून इकडे.

शिक्षक आणि ग्रामसेवक मुख्यालयी राहत नाहीत आणि तरी घरभाडे भत्ता घेतात, यावर दर दोन-तीन वर्षांनी वादळ उठतं. २०१९ च्या शासन निर्णयानं ग्रामसभेचा ठराव मागितला, तर गावोगाव ठराव तयार झाले. मला दोन्ही बाजू दिसतात. शाळेच्या गावात मास्तर राहिला तर शाळा बदलते, हे खरंच आहे. पण त्या गावात किरायानं देण्याजोगं घर आहे का, हेही एकदा मोजायला हवं. शौचालय असलेली, पाणी असलेली, बाईमाणसाला एकटीनं राहता येईल अशी खोली कितीतरी गावांत नाही. भत्ता कापण्याआधी पंचायतीनं शिक्षकासाठी दोन खोल्या बांधाव्यात, किराया घ्यावा. पंचायतीला उत्पन्न होईल आणि वाद कमी होईल.

*

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून बिलेट होतात आणि बिलेटच्या सळया. त्या राज्यभरातल्या इमारतींत जातात. भट्टीवर काम करणारे बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे. चंदनझिऱ्याकडे पत्र्याच्या रांगेत एका खोलीत सहा-सात जण राहतात, पाळीनं झोपतात. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच अंथरुणावर येते. उन्हाळ्यात दिवसा त्या पत्र्याखाली रात्रपाळीचा माणूस कसा झोपत असेल, याचा विचार करवत नाही. पुण्यात घरमालकाच्या आडमुठेपणानं त्रासलेला जालन्याचा माणूस या खोल्यांचा मालक असू शकतो. तोही पावती देत नाही.

तीच सळई जिथं जाते तिथलं काय? इमारत बांधणारा मजूर इमारतीच्या पायथ्याशी पत्र्यात राहतो. बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा २०२५ पर्यंत होता. त्याचं कलम ३४ म्हणायचं की कामाच्या जागी किंवा जवळ तात्पुरतं घर काम देणाऱ्यानं फुकट द्यायचं, स्वयंपाक, न्हाणी आणि संडासाच्या वेगळ्या सोयीसह. फ्लॅटचं बुकिंग करायला जाणाऱ्यांनी या वस्तीतून एक चक्कर मारावी. ज्या बिल्डरनं मजुराला संडास दिला नाही, तो आपल्याला पाच वर्षांची दुरुस्ती फुकट करून देईल यावर माझा विश्वास बसत नाही.

*

ग्रामीण भागात घरकुलाला २०२५ पर्यंत एक लाख वीस हजार मिळायचे. एवढ्यात भिंती, छप्पर, दार बसवायचं असायचं. पाच ब्रास वाळू फुकट असं कागदावर आहे. गोदावरीच्या काठच्या अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतही घरकुलवाल्याला ती वेळेवर मिळत नाही, आणि रात्री वाळूचे हायवा मात्र भरून जातात. घरकुलाच्या या पैशांशी ताडून बघा: मुंबईच्या उपनगरात वन बीएचके नुसता किरायानं घ्यायचा तर अनामतच लाखाच्या घरात जाते, वर एका महिन्याची दलाली.

*

बायकोचं नाव. महिलेच्या नावावर घर घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पन्नास लाखांवर पन्नास हजार वाचतात. सुरुवातीला पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढली. सवलतीसाठी का होईना, बाईचं नाव कागदावर येतं आहे. मात्र एक बघितलं: सवलत घ्यायची म्हणून बायकोचं नाव लावलं आणि रजिस्ट्रीच्या दिवशी तिला फक्त अंगठ्यापुरतं नेलं. कागदात काय आहे ते तिला कोणी वाचून दाखवलं नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तास-दीड तास बसावंच लागतं. तेवढ्यात सगळं खरेदीखत वाचून होतं, चतुःसीमेसकट.

*

शिक्षण हक्क कायद्याखाली पंचवीस टक्के जागांचा अर्ज भरताना राहण्याचा पुरावा लागतो. किरायानं राहणाऱ्याकडून नोंदणीकृत भाडेकरार मागतात, नोटरीचा चालत नाही, आणि तो अर्ज भरायच्या आधीच्या तारखेचा हवा. दर वर्षी कागदपत्रं तपासण्याच्या वेळी पुण्या-संभाजीनगरात आपल्याकडची माणसं अर्ज हातात घेऊन मालकाच्या दारात उभी असतात. मालक म्हणतो पुढच्या महिन्यात बघू. मुदत संपते. चांगल्या शाळेतली फुकट जागा, जिच्यासाठी गाव सोडलं, ती हजार-दीड हजाराच्या कागदावाचून जाते.

म्हणून ज्यांची मुलं पुढच्या वर्षी पहिलीत जाणार आहेत त्यांच्यासाठी: करार आत्ताच करून घ्या, दिवाळीच्या आधी. मालक टाळत असेल तर नोंदणीचा खर्च आपण भरतो म्हणा. कलम ५५ ची पानं झेरॉक्स करून जवळ ठेवा, त्याच्याशी भांडू नका, वाचून दाखवा. करारात घराचा पूर्ण पत्ता, मजला आणि खोली क्रमांक आधारवरच्या पत्त्याशी ताडून बघा. बिहारहून आलेला कोणी तुमच्या जालन्याच्या खोलीत राहत असेल आणि त्याचं लेकरू शाळेच्या वयाचं असेल, तर त्याचाही करार याच आठवड्यात नोंदवून टाका.